मक्यातले पाणी, भावातली तेजी

कन्नडच्या बाजार समितीत नवा मका ऑक्टोबरात दिसू लागतो आणि दिवाळीच्या आगेमागे आवक शिगेला पोचते. कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, वैजापूर हा सगळा खरिपाच्या मक्याचा पट्टा. संध्याकाळी बाजार समितीचे तीन आकडे बाहेर पडतात: किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. बहुतेक लोक तिसरा आकडा पाहतात, कालच्या आकड्याशी ताडून घेतात आणि बाजार चढला की उतरला हे ठरवून मोकळे होतात. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा ऑक्टोबरअखेर सर्वसाधारण दर क्विंटलला 1,800 रुपये होता आणि जानेवारीअखेर 2,000 रुपये. वर 200 रुपये, म्हणजे तीन महिन्यांत अकरा टक्के तेजी. पण ऑक्टोबरचा मका शेतातून थेट आलेला, त्यात 22 टक्के ओलावा. जानेवारीचा वाळलेला, 14 टक्क्यांचा. 22 टक्के ओलाव्याच्या 100 किलो मक्यात कोरडा भाग 78 किलो. तोच मका 14 टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन उरते 90.7 किलो. तेव्हा 1,800 रुपयांनी घेतलेला ओला मका वाळल्यावर क्विंटलला 1,985 रुपयांना पडतो. दोनशे रुपयांच्या तेजीतले 185 रुपये पाण्याचे निघाले. उरलेल्या पंधरा रुपयांतून तीन महिन्यांचे व्याज वजा करा. शेकडा महिना एक रुपया धरला तरी ते पन्नासच्या वर जाते. आलेख तेजी दाखवत होता आणि त्याच काळात मका धरून ठेवणारा तोट्यात गेला होता.

या प्रकरणात मांडायचे ते हे, की थोड्या मुदतीत बाजाराची अवस्था वाचता येते, पण दिशा वाचता येत नाही. आजच्या भावात काय काय मिसळले आहे, विकण्याची घाई कोणाला आहे, घेण्याची निकड कोणाला आहे, माल कोणाकडे पडून आहे आणि रोकड कोणाच्या हातात आहे, ही झाली अवस्था. उद्या भाव वर जाईल की खाली, ही दिशा. पहिली गोष्ट कष्टाने का होईना, कळते. दुसरी कळल्यासारखी वाटते. या दोहोंत गल्लत केली की शेतकऱ्याचे नुकसान होते आणि मोबाइलवर शेअरचे सौदे करणाऱ्या तरुणाचे त्याहून जास्त होते. याच मुद्द्याला दुसरी बाजू आहे. थोड्या मुदतीच्या व्यापारात वर्षानुवर्षे कमावणारी माणसे आहेत, हे खरेच आहे. पण ती बहुधा कुठल्या तरी कामाची मजुरी कमावत असतात. वाळवणे, साठवणे, प्रतवारी करणे, वाहून नेणे, रोख पैसे तत्काळ देणे, ही ती कामे. ज्याच्या पदरी असे कुठलेच काम नाही, त्याच्या नुसत्या अंदाजाला बाजार मोबदला देत नाही.

पाण्यासारखाच दुसरा घटक म्हणजे रस्ता. कन्नडहून उत्तरेला औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, आणि पुढे धुळे, गुजरातकडची वाट. एकाच दिवशी घाटाच्या वर एक भाव आणि खाली दुसरा, यात गूढ काही नाही. मधला फरक वाहतुकीचा, हमालीचा आणि गाडी अडकण्याच्या जोखमीचा. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस अतिवृष्टीने घाटात दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली. ऑगस्ट 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने या घाटातून अवजड वाहनांना बंदी झाली आणि ट्रकांना वळसा घालून जाणे भाग पडले. अशा वेळी घाटावरचा भाव खालच्या भावापेक्षा जास्त दबला, तर देशात मक्याची मागणी घटली असे म्हणण्याला आधार नसतो. डिझेल आणि तास वाढले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून एकाच बाजार समितीच्या दरांचा आलेख कितीही काळजीपूर्वक काढला तरी तो अर्धा मुका राहतो. त्याच्या शेजारी चाळीसगावचा, जालन्याचा आणि पशुखाद्य किंवा स्टार्च कारखान्याच्या फाटकावरचा भाव ठेवला की तो बोलू लागतो. चारही ठिकाणी भाव एकाच मापाने उतरला असेल तर कारण दूरचे असते. फक्त इथेच उतरला असेल तर कारण रस्त्यात, आवकेत किंवा मालाच्या प्रतीत शोधावे.

मात्र सगळ्यांत महत्त्वाचा घटक घाई हाच आहे, आणि तो कुठल्याही तक्त्यात छापला जात नाही. ओल्या मक्याला थांबता येत नाही. ढीग तापतो, बुरशी धरते, दाणा काळा पडतो. त्यात रब्बीची पेरणी तोंडावर, खताचे आणि मळणीयंत्राचे पैसे द्यायचे, दुकानदाराची उधारी दिवाळीपर्यंतची. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकणारा भाव पाहून विकत नाही, निकड पाहून विकतो. याच तालुक्यातले दुसरे पीक पाहा. अद्रक जमिनीत राहू शकते. भाव पटला नाही तर शेतकरी काढणी लांबवतो, खोडवा ठेवतो, आणि पुढच्या हंगामात मोठा झालेला कंद काढतो. म्हणजे अद्रकीचे गोदाम शेतातच आहे आणि त्याला भाडे नाही. कंदकुजीची भीती आणि पुढच्या पिकासाठी अडून राहणारे रान एवढीच त्याची किंमत. 2023 मध्ये अद्रकीचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, लागवडी वाढल्या आणि 2025 पर्यंत भाव फार खाली आला. त्या उतरणीत बेणे, खत आणि मजुरीवर केलेला खर्च निघणे अनेकांना अवघड झाले. तरी अद्रकीची आणि मक्याची उतरण एकसारखी नसते. मक्याचा भाव आवकेच्या महिन्यात झटकन दबतो आणि आवक ओसरली की सावरतो. अद्रकीचा भाव दबला की लोक माल जमिनीत धरून ठेवतात, आणि तो धरलेला माल पुढच्या प्रत्येक चढाला वरून दाबत राहतो. भाव उतरल्यावर माल खरोखर संपला की नुसता लपला, हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठलीही उतरण वाचता येत नाही.

म्हणूनच बाजारातली जाणती माणसे भाव एकटा कधीच पाहत नाहीत, आवकेबरोबर पाहतात. आवक वाढली आणि भाव उतरला, यात नवे काही नाही, तो हंगामच आहे. आवक वाढली तरीही भाव टिकला, तर कोणीतरी साठ्यासाठी किंवा मोठी मागणी पुरवण्यासाठी घेत आहे. आवक घटली आणि तरीही भाव उतरला, तर घेणाऱ्याने हात आखडला आहे; चार परिस्थितींपैकी विकणाऱ्याने सर्वांत सावध व्हावे अशी हीच. आवक घटली आणि भाव चढला, तर तो चढ किती खरा हे सौदे किती झाले यावर ठरते. दहा पोत्यांच्या सौद्यावर निघालेला कमाल दर हा भाव म्हणून सांगण्याच्या लायकीचा नसतो. किमान आणि कमाल दरांतले अंतरही असेच बोलते. अंतर रुंदावले तर बहुधा ओला आणि वाळका माल एकाच दिवशी आला आहे. प्रत सारखी असून अंतर रुंद असेल, तर खरेदीदारांमध्येच एकमत नाही, आणि अशा दिवशी दोन आडतींवर चौकशी केल्याचा फायदा होतो. लिलाव झालेला माल किती वेळात उचलला जातो, तेही पाहण्यासारखे आहे. घेतलेला मका दोन-दोन दिवस आवारात पडून असेल, तर खरेदीदाराला पुढे गिऱ्हाईक मिळालेले नाही. हे सारे वाचन उपयोगाचे आहे, खरे आहे आणि कष्टसाध्य आहे. शेअर बाजारात याच गोष्टींना उलाढाल, बोलीतला फरक आणि तरलता अशी नावे आहेत.

इथवर मान्य करणारा वाचक साहजिकच म्हणेल की अवस्था इतकी कळते तर दिशाही थोडीबहुत कळलीच. या सहज वाटणाऱ्या उडीपाशीच पुरावा आड येतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अन्न संशोधन संस्थेत हॉलब्रूक वर्किंग या अर्थशास्त्रज्ञाने आयुष्यभर गव्हाच्या भावाचा अभ्यास केला. 1934 मध्ये त्याने दाखवले की एकमेकांशी कसलाही संबंध नसलेले आकडे नुसते एकामागून एक मिळवत गेले तरी जी रेषा तयार होते, ती गव्हाच्या भावाच्या रेषेसारखीच दिसते. तिच्यात चढ असतात, उतार असतात, आधार दिसतो, अडथळा दिसतो. 1953 मध्ये ब्रिटनच्या मॉरिस केंडॉल याने शेअर, गहू आणि कापूस यांच्या भावांच्या बावीस मालिका तपासल्या. या आठवड्याच्या बदलावरून पुढच्या आठवड्याच्या बदलाचा अंदाज बांधता येईल असे त्याला जवळपास काहीच सापडले नाही. कापसात मात्र थोडा संबंध दिसला. तो का दिसला, याचे उत्तर बाजार समितीचे तक्ते वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. कापसाचे आकडे मासिक सरासरीचे होते. 1960 मध्ये वर्किंगनेच सिद्ध केले की पूर्ण स्वैर मालिकेची सरासरी काढून तिचे बदल मोजले, तर त्यांच्यात सुमारे पाव इतका सहसंबंध आपोआप उगवतो. प्रत्यक्ष बाजारात तो नसतो. सरासरी काढण्याच्या कृतीतून तो जन्म घेतो. आपल्याकडचे हंगामाचे आलेख बहुधा सरासरी दरांचेच असतात. त्यात लाट दिसते, लाटेवर विश्वास बसतो, आणि ज्या भावाने प्रत्यक्ष सौदा करायचा असतो तो भाव त्या लाटेत कधी नव्हताच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवाचा. बाजारात तीस-तीस वर्षे काढलेले भुसार व्यापारी आहेत. त्यांना भाव कळत नसता तर ते टिकले कसे? ते टिकले हे खरे. पण त्यांचा धंदा उलगडून पाहिला तर भाकिताचा वाटा फार लहान निघतो. सकाळी लिलावाला उभा राहण्याआधीच त्याला पशुखाद्य कारखान्याचा किंवा मोठ्या खरेदीदाराचा आजचा भाव फोनवर कळलेला असतो, कित्येकदा गाडीचा सौदाही झालेला असतो. त्यातून वाहतूक, हमाली, घट, पोते आणि आपले चार पैसे वजा करून तो बोली लावतो. मका 1,700 असो की 2,300, त्याचा फरक क्विंटलमागे जवळपास तेवढाच राहतो. ओला माल घेऊन वाळवणारा पाणी काढण्याची मजुरी मिळवतो. पहिल्या परिच्छेदातल्या 185 रुपयांवर त्याचा हक्क आहे, कारण पटांगण, मजूर आणि पावसाची जोखीम त्याची. साठा करणारा व्याज आणि गोदामाचे भाडे मिळवतो. वर्किंगने 1949 मध्ये साठवणुकीच्या किमतीचा जो सिद्धांत मांडला, त्याचा गाभाही हाच: आजचा भाव आणि पुढच्या महिन्याच्या वायद्याचा भाव यांतला फरक हा मुख्यतः माल सांभाळण्याचा मोबदला असतो, भविष्याचे भाकीत म्हणून तो वाचू नये. जुन्या व्यापाऱ्याला जे कळते ते मोलाचे आहे: कोणाचा माल वजनात बसतो, कोणता कारखाना पैसे थकवतो, कोणत्या आठवड्यात ट्रक मिळत नाहीत. हे सारे अवस्थेचे ज्ञान. तोच व्यापारी जेव्हा फरकाचा धंदा सोडून भाव वाढेल या भरवशावर गोदाम भरतो, तेव्हा तोही इतरांसारखाच चुकतो. गोदामासकट बसलेल्या पेढ्या मराठवाड्याच्या प्रत्येक मोंढ्याला ठाऊक आहेत.

आता या कसोटीवर शेअर बाजार घासून पाहू, कारण तालुक्याच्या गावांतला तरुण आज मक्याच्या आवकेपेक्षा बँक निफ्टीची हालचाल जास्त पाहतो. सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2022-23 या वर्षात रोखीच्या बाजारात दिवसाच्या दिवस सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. वायदे आणि ऑप्शनचे चित्र याहून वाईट आहे. सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात निघाल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर. यातले 72 टक्के लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते आणि तीन चतुर्थांशांहून अधिकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होते. म्हणजे हा मुंबईपुरता प्रश्न नाही. कन्नड, सिल्लोड, चाळीसगावसारख्या गावांतल्या घरांमधून हा पैसा गेला आहे, आणि तो कशातून आला असेल हे अशा गावांत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच अभ्यासात कमावणारेही दिसतात. 2023-24 मध्ये स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्यांनी खर्च वजा होण्यापूर्वीचा ढोबळ नफा सुमारे 33,000 कोटींचा मिळवला आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे 28,000 कोटींचा. यातला नव्वद टक्क्यांहून जास्त नफा संगणकी आज्ञावलीने चालणाऱ्या सौद्यांतून आला. या पेढ्यांतल्या कित्येकांचे काम भुसार व्यापाऱ्याच्या जातीचेच आहे. दोन्ही बाजूंना सतत भाव देणे, दोन बाजारांतला क्षणिक फरक मिटवणे, घाई असलेल्याला तत्काळ सौदा मिळवून देणे. त्यासाठी लागणारी यंत्रे, वेग आणि भांडवल त्यांच्याकडे आहे. मोबाइलवरच्या तरुणाकडे यातले काहीच नाही. त्याच्याकडे अंदाज आहे आणि घाई आहे. तीन वर्षांत व्यक्तींनी फक्त दलाली, कर आणि शुल्कांपोटी सुमारे 50,000 कोटी रुपये भरले. दिशा निम्म्या वेळा बरोबर आली तरी हा खर्च प्रत्येक वेळी द्यावा लागतो.

आलेखांवर श्रद्धा असलेला वाचक इथे दोन गोष्टी पुढे करील. पहिली परंपरेची. जपानमध्ये ओसाकाच्या दोजिमा तांदूळबाजाराला 1730 मध्ये राजमान्यता मिळाली, तिथे वायदे चालत, आणि साकाता गावच्या होन्मा मुनेहिसा या तांदूळव्यापाऱ्याच्या नावाशी आजच्या कॅन्डलस्टिक आलेखांची परंपरा जोडली जाते. अडीच-तीनशे वर्षे टिकलेली विद्या खोटी कशी म्हणायची? खोटी म्हणण्याचे कारणच नाही. दिवसाचा पहिला, शेवटचा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव एका आकृतीत मांडणे ही अवस्था नोंदवण्याची फार सुंदर रीत आहे. लांब शेपटीची कांडी सांगते की भाव खाली गेला आणि तिथे घेणारे भेटले. हे घडून गेलेल्याचे वर्णन झाले. त्यावरून उद्याचा सौदा करायचा तर तीच कांडी शंभर वेळा दिसल्यावर पुढे काय झाले, खर्च वजा करून काय उरले, हे मोजावे लागते. आणि मोजले की बहुतेक आकृत्यांचा प्रभाव विरून जातो. तैवानच्या बाजारात 1992 ते 2006 या काळातल्या दिवसाच्या सौद्यांची पूर्ण नोंद बार्बर, ली, लिउ आणि ओडियन या संशोधकांनी तपासली. खर्च वजा जाता पुढेही सातत्याने कमावतील असे सौदेकरी शंभरात एकही भरले नाहीत. दुसरी गोष्ट कलाची. जेगदीश आणि टिटमन यांनी 1993 मध्ये दाखवून दिले आहे की तीन ते बारा महिने वर गेलेले शेअर पुढचे काही महिने सरासरीने बरे चालतात. हा पुरावा भक्कम आहे आणि तो मान्य करायला हवा. मात्र तो शेकडो शेअरांच्या एकत्रित गठ्ठ्याबद्दल आहे, महिन्यांच्या मुदतीबद्दल आहे. जेगदीश यांच्याच 1990 च्या अभ्यासात महिनाभराच्या छोट्या मुदतीत उलटे आढळले होते: गेल्या महिन्यात चढलेले पुढच्या महिन्यात मागे येतात. म्हणजे मुदत बदलली की नियमाचे तोंडच फिरते. एका शेअरच्या पंधरा मिनिटांच्या आलेखावर हा पुरावा लावता येत नाही.

शिवाय भाव नेहमी पायऱ्या उतरतच खाली येतो असे नाही, कधी तो कड्यावरून पडतो. बेन्वा मान्देलब्रो या गणितज्ञाने 1963 मध्ये कापसाच्या भावांचा जुना संग्रह तपासला आणि दाखवले की नेहमीच्या गणिताने जे धक्के शतकातून एखादे वेळी बसायला हवेत, ते कापसात वारंवार बसतात. आपल्याकडे अशा धक्क्यांची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले आणि नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. त्याच वर्षी 8 डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली. आदल्या संध्याकाळच्या दरात त्याची चाहूल शोधणे व्यर्थ होते. त्याच सुमारास मक्याला उलट्या दिशेचा धक्का मिळाला. ऊस कमी असल्याने डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली, जानेवारी 2024 मध्ये तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलचा भाव वाढवून लिटरला 71.86 रुपये केला, आणि पशुखाद्याचा मका एकाएकी इंधनाचा कच्चा माल झाला. कोंबडीखाद्यवाले आयातीची मागणी करू लागले. पुढे अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला 2,250 रुपयांनी मिळू लागला, मक्याचा पेरा वाढला, आणि 2025 च्या खरिपात हमीभाव 2,400 रुपये जाहीर झालेला असताना अनेक बाजारांत मका दोन हजारांच्याही खाली विकला गेला. या संपूर्ण फेऱ्यात भाव वाचणाऱ्याला उपयोगी पडली असती ती एकच ओळख: मक्याचा मोठा गिऱ्हाईक आता सरकारी निर्णयाला बांधलेला आहे. निर्णय कधी आणि कुठल्या बाजूने येईल हे त्यावरून कळत नाही. धक्का कुठून येऊ शकतो आणि आल्यास आपला किती माल त्याखाली सापडेल, हे मात्र कळते. आलेखावर रेषा ओढून लावलेला तोट्याचा बांध अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण भाव त्या रेषेला शिवतच नाही. रेषेच्या वर बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी खूप खाली उघडतो.

मग शेतकऱ्याने काय करावे, थांबावे की विकावे, हा आक्षेप म्हणा की प्रश्न, सर्वांत रास्त आहे. गेल्या वर्षीचा भाव पाहून थांबणे हे त्याचे उत्तर नाही, एवढे 2022-23 च्या कापसाने शिकवले. आदल्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,025 रुपये असताना बाजारभाव दहा हजारांच्या पुढे गेला होता. तो आकडा मनात धरून मराठवाड्यात आणि विदर्भात असंख्य घरांनी कापूस घरात भरून ठेवला. जग मात्र बदलले होते, सूतगिरण्यांची मागणी थंडावली होती, आणि उन्हाळ्यापर्यंत भाव सात-साडेसात हजारांच्या आसपास आला. कापूस विकला जाईपर्यंत त्या घरांनी वजनातली घट सोसली, उधारीचे व्याज सोसले. त्यांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. लाखोंनी एकच जुना आकडा दिशा म्हणून वाचला, आणि सर्वांनी धरून ठेवलेला माल हीच त्या वर्षीच्या बाजाराची अवस्था होती, ती कोणी त्यांना वाचून दाखवली नाही. हंगामातली आवक नेहमीपेक्षा कमी आणि तरीही भाव वाढत नाही, हे चिन्ह त्या हिवाळ्यात उघड्यावर होते.

अवस्था वाचण्याचा खरा उपयोग ती थोडीफार बदलण्यासाठी आहे. ऑक्टोबरात मका विकणाऱ्याची अडचण भावापेक्षा घाईची असेल, तर इलाजही घाईवर करायला हवा. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात मका ठेवला की त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी वर्षाला 6 टक्के व्याजाने मिळते. 2,000 रुपयांच्या क्विंटलवर 1,500 रुपये हातात येतात आणि महिन्याचे व्याज साडेसात रुपये होते. तेच 1,500 रुपये खाजगीत शेकडा दोनने उचलले तर महिन्याला तीस. अट एकच मोठी, माल वाळलेला हवा. म्हणजे पाण्याचे ते 185 रुपये ज्याच्याकडे पटांगण आणि दहा-बारा उन्हाचे दिवस आहेत त्या शेतकऱ्यालाच मिळू शकतात. त्यासाठी भाव वाढण्याची गरज नाही. तारण ठेवलेल्या मक्याचा भाव पुढे पडूही शकतो. ती जोखीम कुठलीही योजना घेत नाही. म्हणून सगळा माल एका दिवसावर न लावता तो तीन-चार खेपांत काढणे बरे: पहिली खेप पेरणीच्या खर्चापुरती, पुढच्या आवक ओसरताना, आणि घटत्या आवकेतही भाव उतरू लागला तर उरलेली लगेच. त्या सगळ्या खेपांचा मिळून येणारा भाव हंगामातला सर्वांत वरचा कधीच नसेल, सर्वांत खालचाही नसेल. ओलावा मोजण्याचे यंत्र मात्र प्रत्येक गावात, निदान शेतकरी गटाच्या हाती असायला हवे. ते नसेल तोवर आपल्या मक्यात किती पाणी आहे हे विकणाऱ्याला घेणाऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, आणि मग आजचा भाव चांगला की वाईट हे ठरवण्याचे पहिले मापच त्याच्यापाशी नसते.